दोरीचं दुसरं टोक

गजा गेल्याची बातमी मला दोनदा आली. सकाळी पेणच्या घरी गॅलरीत चहा घेत बसलो होतो. फोन वाजला म्हणून पाहिलं तर खारवाडीच्या ग्रुपवर काळ्या चौकटीतला फोटो, ‘खारवाडीचा वाघ गजानन कॅप्टन यांना भावपूर्ण श्रद्धांजली’. ते डोक्यात नीट उतरतंय न उतरतंय तोवर दुसरा फोटो आला, मोठ्या गावाच्या क्रीडा मंडळाचा. ‘आपल्या गावाचं भूषण हरपलं.’ चौकट तीच, हार तोच, फोटोही तोच. कंपनीतून तो निवृत्त झाला त्या दिवशीचा. मूळ फोटोत आम्ही दोघं आहोत. दोन्हीकडच्या पोरांनी मला कापून टाकलंय, पण गजाच्या खांद्यावर चार बोटं तेवढी राहून गेलीत. ती माझी.

मला आधी रडू आलं नाही, राग आला. माणूस अजून रोह्याला मुलाच्या घरातून हललेला नाही, आणि दोन गावं त्याला आपापल्या अंगणात ओढायला लागली... मग कप खाली ठेवला आणि आठवलं की ही ओढाओढ सुरू करणारा पहिला माणूस मीच होतो. तेव्हापासून अंगात जो थकवा भरलाय तो सहा आठवडे झाले तरी उतरत नाही.

गडबच्या पुढे हायवे सोडून खाडीच्या अंगाला वळलं की आमचं गाव लागतं. गाव एक म्हणायचं, पण वस्त्या दोन. रस्त्याकडे मोठं गाव, भातशेतीवाल्यांचं. खाडीकडे खारवाडी, मिठागरात राबणाऱ्यांची. मी आणि गजा खारवाडीचे, एका वर्गातले, एका बाकावरचे. पुढे मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर झालो आणि गजा कबड्डीपटू झाला. आमच्याकडे भात कापून झालं की शेतं मोकळी होतात. मग ढेकळं फोडायची, पाणी मारायचं, चोपून चोपून जमीन घट्ट करायची आणि त्यावर मैदान आखायचं. गजाकडे यासाठी त्याच्या वडिलांची मिठागरातली एक जाड दोरी होती. तिला त्याने ठरावीक अंतरावर गाठी मारल्या होत्या. ही मध्यरेषेची, ही कोपऱ्याची, ही बोनसची. एक टोक तो धरायचा, दुसरं मी. मग तो वाकून दोरीच्या कडेने पांढरी फक्की टाकत जायचा. ‘हलू नको,’ एवढंच म्हणायचा. ‘तू हितं बोटभर हललास का तिकडं हातभर वाकडा होतो.’ पंधराव्या वर्षापासून साठीपर्यंत मी त्याच्या तोंडून सगळ्यात जास्त ऐकलेलं वाक्य हेच असेल.

कारण बोलायचं काम माझं होतं. खेळायला मी अगदीच दगड, पण तोंडाची टकळी जन्मापासूनची. त्यामुळे सामन्यांचं समालोचन माझ्याकडे आलं आणि मंडपातला माईक पुढे कधी माझ्या हातून सुटला नाही. गजा चढाईला निघाला की मी सुरू व्हायचो. तो एकटा समोरच्या सात जणांत शिरायचा, आणि त्याच्या मनात काय चाललंय ते मी बाहेर बसून हजार माणसांना सांगायचो. आता कॅप्टन विचार करतोय, आता कॅप्टनने हेरलंय, आता कॅप्टन ठरवतोय... लोकांना ते खरं वाटायचं. हळूहळू मलाही खरं वाटायला लागलं. घुमा माणूस आणि बडबड्या माणूस यांची दोस्ती झाली की हे असंच होतं. घुम्याच्या वाटणीचंही बडबड्याच बोलून टाकतो, आणि वर त्याला उपकार समजतो.

रोह्याच्या एका उपांत्य सामन्याची गोष्ट आमच्या भागात अजून सांगतात. शेवटची दोन मिनिटं, दोन्ही संघांचे गुण सारखे. समोरचा चढाईपटू आमच्या अंगणातून परत जाता जाता गजाच्या बनियनच्या टोकाला बोट लावून गेला. पंचांनी पाहिलं नाही. मी पाहिलं नाही. ज्याने बोट लावलं त्यालाही खात्री नव्हती. गजाने हात वर केला आणि आपणहून मैदानाबाहेर जाऊन बसला. आम्ही त्या एका गुणाने हरलो. परतीच्या टेम्पोत त्याच्याशी कुणी बोलेना. पांडूनाना तेव्हा दोन्ही वस्त्यांच्या एकाच मंडळाचे अध्यक्ष, मोठ्या गावाचे, आणि गजाच्या धाकट्या बहिणीचे, यमुनेचे, सासरे. ते पुढच्या सीटवरून म्हणाले, ‘पंच काय झोपला व्हता? तुना कोनी सांगितला हात वर कराला?’ गजा म्हणाला, ‘बोट लागला ना, नाना. माजा मना कळला.’ झालं. पुढच्या वर्षीपासून रायगडभर कुठल्याही मैदानावर वाद झाला की पंच गजाकडे बघायचे. तो म्हणेल ते समोरचा संघही मान्य करायचा. त्याचा शब्द असा मोठा झाला, आणि म्हणूनच तो पुढे सगळ्यांना हवा झाला.

त्या खेळावरच धाटावच्या एका कंपनीने त्याला नोकरीत घेतलं. त्या काळी कंपन्यांचे कबड्डीचे संघ असत. सकाळची शिफ्ट करायची, दुपारी सराव, आणि स्पर्धेला कंपनीचं नाव छातीवर. गुडघा गेला तेव्हा खेळ थांबला, नोकरी राहिली, आणि ‘कॅप्टन’ हे नाव राहिलं. पेणच्या एका पोहे गिरणीवाल्याला वाटलं, याचा फोटो पोह्यांच्या पिशवीवर छापावा. ‘कॅप्टन पोहे’. मीच त्याला गजाकडे घेऊन गेलो. गजा म्हणाला, ‘मी तुमचा पोहा खाल्लाच नाय तं चांगला हाय कसा सांगू?’ गिरणीवाल्याने हसत एक गोणी पाठवून दिली. पठ्ठ्याने महिनाभर रोज ते पोहे खाल्ले. सुलोचनावहिनी, त्याची बायको, करून करून कंटाळल्या. महिन्याने हा गिरणीत जाऊन सांगतो, ‘पोहे बरे हायत, पन चिवड्याला जाड पडतात. तेवढा पिशवीवर लिवा, मग माजा फोटो लावा.’ फोटो काही छापला गेला नाही. मी हा किस्सा कितीतरी मंडपांत रंगवून सांगितलाय, माणसं पोट धरून हसलीत. त्यातून मी काय शिकलो असेन तर काहीही नाही.

आता खारवाडीच्या वेगळ्या ग्रामपंचायतीकडे येतो. टाळता आलं असतं तर टाळलं असतं.

ग्रामपंचायत दोन्ही वस्त्यांची मिळून एकच होती, आणि तिच्यात मोठ्या गावाची माणसं जास्त. पाण्याची टाकी मोठ्या गावात, दिवे आधी मोठ्या गावात. एका वर्षी उधाणात खाडीचा बांध फुटला आणि खारवाडीच्या शेतात खारं पाणी शिरलं. बांध बांधायचा ठराव ग्रामपंचायतीत पुढच्या बैठकीवर, पुढच्या बैठकीवर करत ढकलला गेला आणि शेतं तीन वर्षं नापीक पडली. माझंही त्यात एक शेत होतं. तेव्हा खारवाडीत आवाज उठला की आपली ग्रामपंचायत वेगळी हवी, आणि त्या आवाजात माझा सगळ्यात मोठा. मागणी चूक होती असं मी आजही म्हणणार नाही. पांडूनाना तेव्हा सरपंच. ते म्हणायचे, ‘घर मोडायला अक्कल लागत नाय, मास्तर. बांधायला लागते.’ ते तरी काय चूक म्हणत होते?

त्याच सुमारास पेपरात स्कॉटलंडच्या बातम्या यायच्या. ब्रिटनमध्ये राहायचं की वेगळा देश व्हायचं, यावर तिथले लोक मत देणार होते. मला त्या बातम्यांचं वेड लागलं होतं. जिथे वेगळं व्हायची गोष्ट निघेल तिथे माझे कान उभे. एका रविवारी खारवाडीच्या समाजमंदिराच्या ओट्यावर बसून मी मोठ्याने वाचत होतो. तिथले खेळाडू, गायक, नट, सगळ्यांना म्हणे दोन्ही बाजूंचे लोक गाठत होते. तुम्ही बोला, तुमच्या शब्दाला वजन आहे. जो बोलला त्याला अर्ध्या देशाने शिव्या घातल्या, आणि जो गप्प बसला त्याला सगळ्या देशाने भित्रा ठरवला. गजा रात्रपाळी करून आलेला, खांबाला टेकून डोळे मिटून बसला होता. मला वाटलं झोपलाय. तो डोळे न उघडता म्हणाला, ‘त्ये खेलतात कोनाकडनं?’

मी सांगितलं, फुटबॉलला स्कॉटलंडकडून. पण ऑलिंपिकला सगळे मिळून ब्रिटनकडून.

‘म्हंजी जर्स्या दोन,’ गजा म्हणाला. ‘मग त्याला कशाला इचारतात? त्यो दोनी घरचा जावई. जावयानं वाटनीत बोलू नये.’

ओट्यावरचे सगळे हसले. मी म्हणालो, ‘अरे पण त्यालाही मत असेलच ना?’

‘आसंल ना. पन त्याचा मत हाय म्हंजी त्यो पोस्टर हाय का? त्याला खेलाचा इचारा, त्यो सांगंल. मताचा इचारला तं लोक त्याचा मत बगनार नाय, त्याचा गोल बगनार.’ एवढं बोलून त्याने पुन्हा डोळे मिटले. आयुष्यात सलग इतकी वाक्यं तो क्वचितच बोलला असेल. मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा स्कॉटलंडबद्दल बोलत नाही. त्याची बहीण मोठ्या गावात दिलेली, तो खारवाडीचा, आणि त्याने घाम गाळला तो दोघांच्या एका मंडळासाठी. पण माझ्या डोक्यात त्या बातमीतलं एकच वाक्य रुतून बसलं होतं, खेळाडूच्या शब्दाला वजन असतं.

तिथलं मतदान झालं, वेगळं व्हायचं नाही असं त्यांनी ठरवलं. वेगळ्या ग्रामपंचायतीच्या ठरावावरची आमची ग्रामसभा त्यानंतरच्या हिवाळ्यात होती. तिच्या चार दिवस आधी मंडळाची स्पर्धा होती, आणि उद्घाटनाचा नारळ फोडायला नेहमीप्रमाणे गजा. त्या दिवशी सकाळीही आम्ही दोघांनीच मैदान आखलं. दुपारी मंडप भरला, दोन्ही वस्त्या समोरासमोर बसल्या. गजा नारळ घेऊन मध्यरेषेवर उभा राहिला आणि मी माईक घेतला. आधी नेहमीचं कौतुक केलं, रोह्याचा सामना सांगितला, टाळ्या घेतल्या. टाळ्यांची एक नशा असते, ती मला पस्तीस वर्षं पुरली होती. त्या भरात मी म्हणालो, ‘आणि हाच आपला सच्चा कॅप्टन, आज सकाळीच मला म्हणाला, मास्तर, खारवाडीची ग्रामपंचायत वेगळी झालीच पाहिजे.’

तो असं काही म्हणाला नव्हता. त्या सकाळी तो फक्त ‘हलू नको’ म्हणाला होता.

खारवाडीची बाजू उठून नाचायला लागली. मोठ्या गावाकडची माणसं गजाकडे बघत राहिली. गजाने मान वर करून मंडपाकडे, माझ्याकडे पाहिलं. रागावून नव्हे. पंच चुकला की तो बघायचा तसं, वाट बघत. शिट्टी परत वाजेल, निर्णय बदलेल अशी. मी माईक तोंडाशी तसाच धरून उभा राहिलो. मग त्याने खाली बघितलं आणि नारळ फोडला.

ग्रामसभेत ठराव थोडक्या हातांनी मंजूर झाला. गजा त्या दिवशी धाटावला होता. त्याने एका सोबत्याची शिफ्ट मागून घेतली होती. पण तो नव्हता याचा काही उपयोग झाला नाही. मोठ्या गावातल्याही काही घरांनी ठरावाच्या बाजूने हात वर केले होते. त्यांना विचारलं तेव्हा म्हणाले, गजा बोलला म्हणजे विचार करूनच बोलला असणार, त्याने कधी खोटा गुण घेतला नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण सविस्तर सांगायची ताकद नाही. मंडळ फुटलं, दोन झाली. मोठ्या गावाच्या मंडळाने भिंतीवरचा गजाचा फोटो उतरवला. आणि दोन वर्षांनी यमुनेच्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा आणतो. सख्खा मामा एकच, गजा. त्याला आमंत्रणच आलं नाही. पांडूनानांनी घरात सांगितलं, ज्याने माझं गाव तोडलं तो माझ्या नातीला आणणार नाही. यमुना रडली असेल, भांडलीही असेल, पण सासऱ्यापुढे तिचं चाललं नाही. नवरीला लांबच्या एका चुलतमामाने आणलं. लग्नाच्या दिवशी मी गजाच्या घरी गेलो. मोठ्या गावातला बँड खारवाडीपर्यंत ऐकू येत होता. गजा पडवीत बसून दोरीच्या सैल झालेल्या गाठी परत आवळत होता. भाचीसाठी आणलेली साडी वहिनींनी कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवून दिली होती, कागदासकट.

मी म्हणालो, ‘गजा, मी जाऊन नानांना सांगू का? ते वाक्य माझं होतं म्हणून?’

त्याने गाठ दाताने ओढली. ‘आता सांगून काय? तुजी मास्तरकी जाईल. पोरं म्हनतील, मास्तर माईकवर खोटा बोलतो. ऱ्हाऊ दे.’

आणि मी राहू दिलं. आजवर स्वतःला सांगत आलो की त्यानेच नको म्हटलं. पण इथे खरं लिहायचं तर मी विचारलं ते तो नको म्हणावा म्हणूनच विचारलं होतं. ज्याला सांगायचं असतं तो परवानगी मागत बसत नाही. रोह्याला हात वर करताना गजाने कुणाला विचारलं होतं?

वेगळी ग्रामपंचायत व्हायला पुढे काही वर्षं गेली. झाली. आज खारवाडीत नवं कार्यालय आहे, त्याच्यावर बोर्ड आहे, समोर झेंड्याचा खांब आहे. बांध दुरुस्त झाला, हे मान्य करायला हवं. पाणी अजून दिवसाआडच येतं. फरक इतकाच की पूर्वी आम्ही मोठ्या गावाला शिव्या द्यायचो, आता एकमेकांना देतो. दोन मंडळं आहेत, दोन मैदानं आहेत, आणि दोन्हीकडे मिळून एक धड संघ उभा राहत नाही. मोठ्या गावाच्या मैदानावर गजा पुन्हा कधी गेला नाही, त्याला कुणी बोलावलंच नाही. खारवाडीच्या मैदानावर तो दरवर्षी दोरी घेऊन यायचा आणि दुसरं टोक माझ्या हातात द्यायचा. मला वाटायचं, म्हणजे माफ केलंय. आता वाटतं, त्याला कुणीतरी टोक धरायला लागायचं, एवढंच असेल.

शेवटची दोन वर्षं तो रोह्याला मुलाकडे होता. श्वासाचा त्रास सुरू झाला होता. एका दमात पाऊण मिनिट चढाई करणारा माणूस, त्याला आता जिन्यावर मध्ये थांबावं लागायचं. मी महिन्यातून एकदा पेणहून गाडीने जायचो. कुंडलिका नदीच्या काठाने आम्ही हळूहळू चालायचो; मी बोलायचो, तो ऐकायचा. शेवटच्या भेटीत तो काठावरच्या बाकावर टेकला आणि म्हणाला, ‘भाचीला पोरगी झाली म्हनं.’ मी म्हणालो, हो, ऐकलंय. ‘नाव काय ठेवला?’ मला माहीत नव्हतं. मी विचारून सांगतो म्हणालो, आणि पेणला येऊन विसरलो... तीन आठवड्यांनी ते दोन फोटो आले.

दहाव्यानंतर शोकसभाही दोन झाल्या. दोन्हीकडे माईक माझ्याच हातात दिला. खारवाडीच्या सभेत वक्त्यांनी सांगितलं की आपल्या ग्रामपंचायतीचा पाया गजा कॅप्टनने घातला. मी नुसता नावं पुकारत राहिलो. मोठ्या गावाच्या सभेत पांडूनाना उठले. आता नव्वदीला टेकलेत, दोघांनी धरून आणलं होतं. म्हणाले, ‘पोर गुनाचा व्हता. माजी एकच तक्रार हाय. येगला व्हायचा व्हता तं व्हायचा. पन आदी घरी येऊन मना सांगायचा. माईकवरनं का ऐकवलास?’ मग ते बसले आणि त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. माईक परत माझ्याकडे आला. समोर यमुना बसलेली होती. मी म्हणालो, ‘आता दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून...’

दोन मिनिटं सगळं गाव गप्प उभं होतं. त्या दोन मिनिटांत सांगता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच रोह्याला गेलो. वहिनींनी चहा केला. दोन्ही मंडळांची माणसं येऊन गेली होती, म्हणाल्या. कुणाला जर्सी हवी होती, कुणाला ती दोरी, कार्यालयात काचेत लावायला. दोरी गॅलरीत खिळ्याला होती, गजा ठेवायचा तशीच, गुंडाळून. मी विचारलं, ‘वहिनी, त्याला खरं काय हवं होतं? एकत्र राहायचं होतं, की वेगळं?’

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. ‘भावोजी, तुमी त्याना कवा इचारलाव नाय?’

पंचावन्न वर्षांची दोस्ती. मी आठवून पाहिलं. नाही विचारलं. आधीही नाही, नंतरही नाही. पोहेवाल्यानेसुद्धा त्याला विचारलं होतं.

‘मना सांगितला व्हता त्यानी,’ वहिनी म्हणाल्या. ‘पन मी नाय सांगनार. तुमाला नाय, त्या मंडलवाल्याना नाय. तेवढा त्याचा त्याच्याकडं ऱ्हाऊ दे.’ त्या कप उचलून आत गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. कुणीतरी गजाच्या बाजूने उभं राहिलेलं मी पहिल्यांदा पाहत होतो.

रोह्याहून तडक पेणला न जाता मी मध्येच उतरून रिक्षाने मोठ्या गावात गेलो. पांडूनाना ओटीवर आरामखुर्चीत होते, यमुना सुपात तांदूळ निवडत होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं, की ते वाक्य गजाचं नव्हतं. माझं होतं. त्याने मला तसं काही कधीच सांगितलं नव्हतं. ज्या माणसाचा आवाज माईकशिवाय खाडीपलीकडे जायचा, त्याच्या तोंडून हे जेमतेम पुटपुटल्यासारखं निघालं. नाना माझ्याकडे बघत राहिले, ऐकलं की नाही ते कळेना. यमुनेचे हात सुपात थांबले होते. आतून कुणाच्या तरी लहान मुलीचा आवाज येत होता. भाची माहेरी आलेली होती.

‘दादा,’ यमुना म्हणाली, ‘जरा मोठ्यानं सांगा. आत माज्या पोरीला ऐकू जाऊ दे. तिचा मामा का नाय आला ता.’

मी परत सांगितलं. मोठ्याने. आतला पंखा कुणीतरी बंद केला आणि मी तिसऱ्यांदा सांगितलं. नानांनी एवढंच विचारलं, ‘आनि त्यो गप ऱ्हायला? तुज्यासाटी?’ मी हो म्हणालो. त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मला कुणी बस म्हटलं नाही, आणि जा असंही म्हटलं नाही. निघताना मी भाचीच्या मुलीचं नाव विचारून घेतलं. गार्गी.

हे नाव सांगायला परवा पुन्हा रोह्याला गेलो. सांगायचं तरी कुणाला... वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, यमू येऊन गेली, मुलीला आणि नातीला घेऊन. कपाटातली साडी भाचीला दिली. घडीवर पिवळी पडली होती तरी तिने नेसली. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. दोरी खिळ्यालाच होती. मी मागितली नाही, वहिनींनीही दिली नाही. गार्गी आली होती तेव्हा तिने ओढली असावी, एक टोक सुटून खाली लोंबत होतं, माझ्या हाताशी येईल इतकं. ते धरलं. आणि बराच वेळ तसाच उभा राहिलो, अजिबात न हलता.